नकाराला घरात जागा हवी

(पत्र थोडं आटोपशीर केलं आहे. त्यातला एक परिच्छेद पूर्ण गाळला आहे. का, ते उत्तराच्या शेवटी.)

"माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनच बौद्धिक अक्षमता आहे. आठ महिन्यांपूर्वी आई गेली, तेव्हापासून तो आमच्याकडे असतो. घरात मी, माझा नवरा आणि बारा वर्षांची मुलगी. त्याला आम्ही कशाचीही कमी पडू देत नाही. कपडे काढून ठेवण्यापासून बुटांच्या नाड्या बांधण्यापर्यंत सगळं मी करते. आईही असंच करायची. आई गेली तेव्हा आठवडाभर त्याला दुसऱ्या नातेवाइकांकडे ठेवलं होतं, त्याला झेपणार नाही म्हणून. त्याने नंतर फारसं काही विचारलंही नाही.

गेले तीन-चार महिने मात्र तो बदललाय. खोलीचं दार आतून लावून बसतो. सकाळी उठवायला गेलं की हात झटकतो. तो पाकिटं भरायच्या कामाला ज्या कार्यशाळेत जातो तिथेही म्हणे त्याचं लक्ष नसतं. गेल्या महिन्यात घरी सगळी नातेवाईक मंडळी जमली होती. 'मी नाही येणार बाहेर,' म्हणाला आणि शेवटपर्यंत खोलीतून आला नाही. आम्हाला फार ओशाळल्यासारखं झालं. आता वर त्याला एकट्याने बसने कामाला जायचंय. गेल्या वर्षापासून माझी मुलगी एकटी बसने शाळेत जाते, ते बघून डोक्यात आलं असावं. मी रोज सोडते, आणते, तरीही.

कार्यशाळेतल्या एक ताई मला म्हणाल्या, 'तुम्ही त्याला लहान मुलासारखं वागवता. मानाने वागवा.' मला ते फार लागलं. त्याच्यासाठी मी नोकरी अर्धवेळ केली. आणखी कसला मान द्यायचा? तो आमच्या घरातला सगळ्यांचा लाडका बाळ आहे. माझी मुलगीसुद्धा त्याला मामा न म्हणता बाळच म्हणते.

— एक बहीण"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुमचा थकवा दिसला. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली आणि तुमचा भाऊ स्वतः काय बोललाय तेवढंच अधोरेखित करत गेले. अख्ख्या पत्रात त्याचं एकच वाक्य निघालं: "मी नाही येणार बाहेर." तेही तक्रार म्हणून आलेलं.

शाळेतलं व्याकरण आठवा. तुमच्या पत्रात भाऊ बहुतेक ठिकाणी कर्म आहे. त्याला ठेवलं, त्याला उठवायला गेलं, त्याला सोडते, त्याला आणते. कर्ता म्हणून तो ठामपणे उभा राहतो तो दार लावताना, हात झटकताना आणि 'नाही' म्हणताना. तुम्हाला हे तिन्ही प्रसंग काहीतरी बिघडल्याची लक्षणं वाटताहेत. मला त्यात चौतीस वर्षांचा एक पुरुष दिसतोय, ज्याच्या हातात एवढंच उरलंय.

कार्यशाळेतल्या ताईंचं बोलणं लागलं यात नवल नाही. जी बाई नोकरी अर्धी करून भावाच्या नाड्या बांधते तिला 'मानाने वागवा' असं ऐकवणं सोपं असतं. म्हणजे उद्या सकाळी नेमकं काय करायचं, हे सांगायला कुणी थांबत नाही. विशेष शिक्षणाच्या आमच्या क्षेत्रात मान, सन्मान, प्रतिष्ठा हे शब्द इतके वापरून झालेत की ऐकणाऱ्याच्या कानाला त्यांचं काही वाटेनासं झालंय. म्हणून मी माझ्यापुरती एक साधी परीक्षा ठेवली आहे. त्या माणसाने 'नाही' म्हटलं, तर घरात काही बदलतं का? प्रेम, काळजी, लाड हे सगळं त्याच्या 'नाही'कडे ढुंकून न बघताही करता येतं. मांजराचेही लाड होतात.

यावर सविस्तर बोलू. पण त्याआधी डॉक्टर.

प्रौढ माणसाचं वागणं तीन-चार महिन्यांत बदललं तर आधी शरीर तपासायचं. हे इतकं उघड आहे, तरी बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाच्या बाबतीत हमखास राहून जातं, कारण सगळं काही त्या एका निदानाच्या खात्यात टाकलं जातं. 'डाउन आहे ना, असं व्हायचंच.' १९८२ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी या चुकीला नावही दिलं. त्याचा मराठीत अर्थ सांगायचा तर 'निदानाची सावली': मोठ्या निदानाची सावली पडते आणि तिच्याखालचे छोटे, बरे होण्यासारखे आजार दिसेनासे होतात. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं बरंच आढळतं, आणि त्याने माणूस सुस्त, उदास होतो. झोपेत श्वास अडकण्याचा त्रासही खूप जणांना असतो, कारण श्वासमार्ग अरुंद आणि स्नायू सैल असतात. अशा माणसाने आठ तास झोप काढली तरी सकाळी तो न झोपल्यासारखाच असतो. तेव्हा सकाळी हात झटकणाऱ्या भावाबद्दल पहिला प्रश्न 'हट्टी झालाय का' हा नाही. तो रात्री घोरतो का, मध्येच दचकून उठतो का, हे बघा. कान तपासून घ्या. कानाची नळी अरुंद असते, मळानेही ऐकू येणं कमी होतं, आणि ज्याला नीट ऐकू येत नाही त्याचं 'लक्ष नसतं'. डोळे आणि दातही दाखवा. चालण्यात फरक पडला असेल, मान दुखत असेल, तर ते आवर्जून सांगा, कारण मानेच्या वरच्या मणक्यांचा सैलपणा हा याच मंडळींचा खास धोका आहे.

आणि दवाखान्यात एक करा. डॉक्टर तुमच्याकडे बघून विचारतील, "याला काय होतंय?" तेव्हा खुर्ची जराशी मागे घ्या आणि म्हणा, "त्यालाच विचारा ना, लागेल तिथे मी मदत करते." पहिल्यांदा सगळेच अवघडतील. दुसऱ्या भेटीत डॉक्टर आपोआप त्याच्याकडे वळतील. 'याला' या एका शब्दाने चौतीस वर्षांच्या माणसाचं सामान होतं, हे त्यांच्या लक्षातही आलेलं नसतं.

आता आई.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत जड गेलेली ओळ ही होती: "त्याने नंतर फारसं काही विचारलंही नाही." तुम्हाला त्यातून थोडा दिलासा मिळाला असेल, की बरं झालं, त्याला फारसं कळलं नाही. पण बघा ना, एका आठवड्यात त्याची आई गेली, त्याचं घर गेलं, खोली गेली, पलंग गेला, सकाळी उठवणारा आवाज गेला. तो परत आला तेव्हा सगळं उरकलेलं होतं आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं. मोठी माणसं ज्या विषयावर गप्प असतात तो विषय काढायचा नसतो, हे त्याला आयुष्यभर शिकवलेलं आहे. त्याने विचारलं नाही, कारण तुम्ही कुणी बोलला नाहीत.

ब्रिटनमध्ये शीला हॉलिन्स या मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आई किंवा वडील गमावलेल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांचा अभ्यास केला. तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. या मंडळींमध्ये चिंता, उदासी आणि वागण्यातले बदल इतरांपेक्षा जास्त दिसले. सांभाळणाऱ्यांनी मात्र त्या बदलांचा संबंध मृत्यूशी जोडलाच नव्हता. दुःख उशिराने बाहेर येतं, आणि शब्दांच्या वाटेने येईलच असं नाही. ते दाराच्या कडीतून येतं, पाकिटं भरताना थबकलेल्या हातातून येतं.

त्याच्याशी बोला. सोपे, सरळ शब्द वापरा. 'झोपली', 'लांब गेली', 'आपल्याला सोडून गेली' असलं काही नको. लांब गेलेलं माणूस परत येऊ शकतं, आणि झोपेत आई गेली असं ऐकलेल्या माणसाला स्वतःच्या झोपेची धास्ती बसू शकते. "आई मरण पावली. तिचं शरीर चालायचं थांबलं. ती आता परत येणार नाही. तू काही केलंस म्हणून असं झालं नाही." हे एकदा सांगून होणार नाही. वीसदा सांगावं लागेल, आणि वीस वेळा त्याच शब्दांत सांगा. जुने फोटो त्याच्या हातात द्या आणि तुम्ही गप्प बसा, त्याला बोलू द्या. आईची एखादी वस्तू त्याला निवडू द्या, मग ती तुम्हाला कितीही फालतू वाटो. आणि जमेल तेव्हा हेही म्हणा: "तुला तेव्हा लांब ठेवलं, ते आमचं चुकलं." तुम्ही ते वाईट हेतूने केलं नव्हतं, हे मी जाणते. तरी म्हणा.

नातेवाईक जमले होते त्या दिवशीचा प्रसंग आता पुन्हा आठवून बघा. आई गेल्यानंतर इतकी माणसं बहुधा पहिल्यांदाच एकत्र दिसत असतील. सगळे होते, आई नव्हती. मी त्याच्या जागी असते तर मीही बाहेर आले नसते. तुम्हाला ओशाळं वाटलं म्हणता, पण सांगायला एक वाक्य पुरलं असतं: "त्याला आज भेटायचं नाहीये." असं आपण इतर प्रौढ माणसांबद्दल सांगतोच की.

इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. विशेष शिक्षिका म्हणून नोकरीला लागले तेव्हा माझा वर्ग आदर्श म्हणून दाखवला जायचा. मुलं हात खाली म्हटलं की हात खाली, उठ म्हटलं की उठ. मला त्याचा अभिमान होता. त्यातला एक विद्यार्थी, तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा, एकदा आईबरोबर बाहेर असताना दिसेनासा झाला. तासाभराने सापडला, सुखरूप. एका अनोळखी माणसाने त्याला "चल" म्हटलं होतं, आणि तो चालू लागला होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. मी शिकवलं तेच त्याने केलं. सहा वर्षं मी त्याला 'चल' म्हटलं की चालायला शिकवलं होतं आणि 'नाही' म्हणायला एकदाही शिकवलं नव्हतं. उलट जेव्हा तो 'नाही' म्हणायचा, तेव्हा त्याच्या वहीत माझ्याच अक्षरात शेरा असायचा: 'आज असहकार.'

हा फक्त माझ्या मनाला लागलेला चटका नाही. २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला एक मोठा आढावा आला. त्यानुसार अपंगत्व असलेल्या मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट होती, आणि मानसिक किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांवर लैंगिक अत्याचार होण्याची शक्यता ४.६ पट. याची कारणं अनेक आहेत. पण एक कारण आपल्या घरात आणि वर्गात तयार होतं. ज्याच्या शरीराला दिवसभर कुणीही न विचारता हात लावतं, कपडे बदलतं, ओढतं, बसवतं, त्याला कोणता हात चुकीचा हे कसं कळावं? घरात ज्याचा नकार कधी चालला नाही, तो बाहेर चालेल असं त्याला का वाटावं? तुमच्या भावाने हात झटकला. कृपया हा गुण जपा. खोलीत जाण्याआधी दारावर टकटक करा आणि 'ये' म्हणेपर्यंत थांबा. दार लावून बसणं हे बहुतेक प्रौढ माणसांचं नेहमीचं वागणं आहे. आतून अडकून पडण्याची भीती वाटत असेल तर बाहेरून उघडता येईल अशी कडी बसवा, पण ती त्याला दाखवून, सांगून. उठवायचं काम गजराच्या घड्याळाला द्या. घड्याळावर हात झटकला तर कुणाचं मन दुखत नाही.

प्रत्येक 'नाही' मानायचाच का? नाही. औषध, भर रहदारीचा रस्ता, पेटता गॅस, दुसऱ्याला इजा, इथे तुम्हाला त्याच्या मनाविरुद्ध जावं लागेल. पण तेव्हा खोटं बोलू नका, फसवून नेऊ नका. "तुला नको आहे हे मला कळलं. तरी आज सुई घ्यावीच लागेल, कारण असं आहे. कोणत्या हातावर घ्यायची, ते तू सांग." नकार ऐकला गेला आणि तरी डावलला गेला, यात आणि तो ऐकलाच गेला नाही, यात फार मोठा फरक आहे.

संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला गेला. त्याच्या बाराव्या कलमात याच विचाराला कायद्याची भाषा मिळाली: अपंग व्यक्तीला निर्णय घ्यायला मदत द्या, तिच्या जागी बसून निर्णय घेऊ नका. या कराराच्या समितीने २०१४ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. खूप प्रयत्न करूनही जिची इच्छा कळत नाही अशा व्यक्तीबाबतही 'तिचं भलं कशात' असं न विचारता 'तिला काय हवं असावं' असं विचारा, असं समितीचं म्हणणं. (ज्या वाचकांच्या घरातली व्यक्ती बोलत नाही, त्यांच्यासाठी: मान फिरवणं, अंग आखडणं, वस्तू ढकलणं, एकदम गप्प होणं हेही नकारच असतात. चित्रांचे तक्ते, टॅबलेटवरची बोलणारी ॲप्स हे सगळं वापरा, आणि त्यात 'नको' आणि 'थांब' ही चित्रं पहिल्या पानावर ठेवा. मी पाहिलेल्या बहुतेक तक्त्यांवर 'भूक', 'पाणी', 'शू' असते; 'नको' नसतो.)

तुम्ही म्हणाल, आम्ही विचारतो हो, तो प्रत्येक गोष्टीला 'हो' म्हणतो. म्हणत असेल. १९८१ साली अमेरिकेत काही संशोधकांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांना हो-नाहीचे प्रश्न विचारले आणि पुढे त्यांच्या नेमके उलटे प्रश्नही विचारले. कित्येकांनी दोन्हींना 'हो' म्हटलं. 'हो' म्हटलं की समोरचा खूश होतो आणि प्रश्न संपतो, हे त्यांनी अनुभवाने शिकलेलं असतं. म्हणून 'निळा शर्ट घालायचा ना?' असं विचारू नका. त्या 'ना'मध्ये उत्तर दडलेलं आहे. दोन शर्ट समोर धरा. काही जण नेहमी शेवटचा पर्याय उचलतात, तेव्हा थोड्या वेळाने क्रम बदलून पुन्हा विचारा. आणि विचारल्यावर थांबा. मनात दहापर्यंत मोजा. दहा आकडे किती लांब असतात ते तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल. आपण चौथ्या आकड्याला स्वतःच उत्तर देऊन टाकतो, आणि मग म्हणतो, हा बोलतच नाही.

नाड्यांबद्दल एवढंच की त्याला येत नसतील तर चिकटपट्टीचे बूट घ्या. विषय संपला.

बसबद्दल मात्र जास्त बोलायचंय, कारण तिथे तुमची भीती खरी आहे आणि ती मी उडवून लावणार नाही. रॉबर्ट पर्स्के नावाच्या अमेरिकन माणसाने स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या सोयी पाहिल्या, आणि १९७२ साली एक कल्पना मांडली जी पुढे जगभर पसरली: धोका पत्करण्यातही एक प्रतिष्ठा असते. अति जपणुकीने माणूस सुरक्षित राहतो, पण त्यात त्याचं माणूसपण गुदमरतं. हे वाचताना भारी वाटतं. भावाला एकट्याला बसमध्ये चढवताना पोटात गोळा येतो, तो या वाक्याने विरघळत नाही. त्यावर उपाय फक्त तयारी.

तयारी मागून पुढे करा. घरापासून कामापर्यंतच्या प्रवासाचे तुकडे पाडा: थांब्यापर्यंत चालणं, बसचा क्रमांक ओळखणं, चढणं, तिकीट, उतरायची खूण, उतरणं, शेवटचं चालणं. यातला शेवटचा तुकडा त्याला आधी द्या. तुम्ही सगळा प्रवास बरोबर करा आणि शेवटची शंभर पावलं त्याला एकट्याला चालू द्या. पहिल्या दिवसापासून कामाच्या दारात तो एकटा पोहोचतो, हा याचा फायदा. ते पक्कं झालं की त्याच्या आधीचा तुकडा सोडा. मग तुम्ही त्याच बसमध्ये पण मागच्या बाकावर. मग पुढच्या थांब्यावर. डाउन सिंड्रोममध्ये ऐकलेलं लक्षात ठेवण्यापेक्षा पाहिलेलं लक्षात ठेवणं सहसा जास्त बळकट असतं, म्हणून तोंडी सूचनांची माळ लावू नका. वाटेवरच्या खुणांचे फोटो त्याच्याच फोनमध्ये क्रमाने ठेवा. आणि गडबडीची तालीमही करा. एकदा मुद्दाम बस चुकवा. एकदा मुद्दाम एक थांबा पुढे जा. फोन बंद पडला तर कुणाला विचारायचं, कुणी 'चल' म्हटलं तर काय म्हणायचं, हे घरात नाटक करून दहा वेळा करा. तुमच्या मुलीला यात मजा येईल, तिला अनोळखी माणसाची भूमिका द्या.

याला दोन महिने लागतील की आठ, मी सांगू शकत नाही. १९७०च्या दशकात मार्क गोल्ड नावाचे शिक्षक अमेरिकेत तीव्र अक्षमता असलेल्या लोकांना सायकलचे ब्रेक सुट्या भागांपासून जोडायला शिकवत. या लोकांना काहीच शिकवता येणार नाही, असं त्यांच्याबद्दल सगळ्यांनी ठरवून टाकलेलं होतं. शिकणारा अडला तर गोल्ड त्याला दोष देत नसत, स्वतःची शिकवण्याची रीत बदलत. तुम्हीही तेवढं लक्षात ठेवा. आणि हो, एक दिवस तो चुकीच्या बसमध्ये बसेल. तुमची मुलगीही कधीतरी बसली असेल किंवा बसेल. तेव्हा तिची बस तुम्ही कायमची बंद करणार नाही ना?

'बाळ' या हाकेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मी बोलणार आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांच्या आसपास होतं. आज ते साठच्या घरात आहे. जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः असलेले हृदयदोष शस्त्रक्रियेने दुरुस्त होऊ लागले, हे त्याचं एक मोठं कारण. तुमच्या आईच्या काळात हा मुलगा म्हातारा होईल असं कुणी तिला सांगितलं नसेल. तिने त्याला बाळ म्हणून वाढवलं यात तिचा दोष नाही. पण तुम्हाला त्याच्याबरोबर आणखी पंचवीस-तीस वर्षं काढायची आहेत. मोठं माणूस प्रेमाने बाळ म्हणतं, ते वेगळं. बारा वर्षांची भाची मामाला बाळ म्हणते, तेव्हा घरातल्या चढणीवर तो तिच्याही खालच्या पायरीवर जातो, आणि ती एकटी बसने जाते हे तो रोज बघतो. त्याला विचारा, तुला कशी हाक मारलेली आवडेल. 'बाळ'च म्हणा असं म्हणाला, तर तसंच. पण मुलीला मामा म्हणायला शिकवा, आधी त्याला विचारून.

शेवटचं तुमच्याबद्दल. तुम्ही आईची जागा घ्यायचा प्रयत्न करताय, आणि ती जागा त्याने बहुधा रिकामी केलेली नाही. तुम्ही त्याची बहीण आहात. बहिणीला चिडता येतं, कंटाळता येतं, 'आज मला जमणार नाही' म्हणता येतं. तुमच्या नकारालाही या घरात जागा हवी. नवऱ्याने आठवड्यातले दोन दिवस सांभाळायचे हे आज रात्रीच ठरवा. भाऊ बसने जाऊ लागला की रोजचे तुमचे दोन फेरे वाचतील. त्या वेळात नोकरी पूर्ण वेळ करायची की झोप काढायची, ते तुम्ही ठरवा.

तुमचं पत्र घ्यायचं ठरल्यावर मी तुम्हाला उलट निरोप पाठवला होता, की आधी ते भावाला वाचून दाखवा आणि विचारा. चार दिवसांनी तुमचं उत्तर आलं. आईच्या ओळीला तो उठून गेला, पाणी पिऊन परत येऊन बसला. मग शेवटपर्यंत ऐकलं. तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवून म्हणाला, "हे नाही." म्हणून तो परिच्छेद इथे नाही. तुम्ही लिहिलंत की त्याच्याशिवाय माझा प्रश्न अर्धाच राहतो, चालेल का.

चालेल.